नाव देणगीदाराचे, जात कारागिराची

राणीच्या बागेत आपली माणसे नेहमी जातात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या गावाकडच्या बायापोरांची एक फेरी तिकडे ठरलेलीच. वाघ बघतात, पेंग्विन बघतात, झाडाखाली बसून भाकरी खातात नि गाडीला लागतात. पण बागेच्या दाराजवळ जी जुनी देखणी इमारत उभी आहे तिच्यात आपले फार थोडे शिरतात. शिरले तरी दहा मिनिटांत बाहेर. "भांडीकुंडी नि बाहुल्या आहेत" एवढाच अभिप्राय. आमच्या वस्तीतला एक कार्यकर्ता तर मला तोंडावर म्हणाला, "आपला काय संबंध? साहेबांच्या नि शेठजींच्या शोभेच्या वस्तू त्या. आपण मोर्चे काढायचे की फुलदाण्या बघायच्या?"

मी म्हणतो, संबंध आहे. आणि तो साहेबापेक्षा, शेठजीपेक्षा आपलाच जास्त आहे. शोभेची वस्तू आभाळातून पडत नाही. ती कुणीतरी करतो. कुणाला ती करायला लावतात, कुणाला करू देत नाहीत. करणाऱ्याच्या हातावर किती टेकवतात, नाव कुणाचे लागते, हे सगळे त्या वस्तूत मुरलेले असते. ते वाचायला शिकले पाहिजे. मोर्चा काढायचाच आहे, पण कशाविरुद्ध ते नीट कळावे म्हणून हे वाचन.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. कलेचा इतिहास मला कुणी शिकवलेला नाही. दहावीनंतर जे वाचले ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, वाचनालयातून नि दोस्तांकडून मागून. पण हजारभर चात्यांवर धागा कुठे तुटला ते मला चालता चालता दिसते. तीच नजर घेऊन मी त्या संग्रहालयात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. ही सुट्टीसुद्धा कुणी दान दिलेली नाही. जोतीबांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती झगडून मिळवली.

*

आधी इमारतीची जन्मकथा. आजचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालय. हे नाव १९७५ सालचे. त्याआधी ते 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' होते. इंग्लंडची राणी आणि तिचा नवरा. लंडनच्या प्रसिद्ध संग्रहालयाला हे नाव १८९९ साली मिळाले. मुंबईचे त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १८७२ च्या मे महिन्यात लोकांना खुले झाले. म्हणजे राणीच्या नावाची पाटी लावण्यात आपण लंडनलाही मागे टाकले. गुलामीत आपला नंबर नेहमी पहिला!

मूळ संग्रह जमला तो १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करताना. हे लक्षात ठेवा. या मुलखात काय पिकते, काय घडते, कोणते हात काय करू शकतात, याचा तो नमुन्यांचा पेटारा होता. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकापुढे गाठोडे सोडावे तसा. मग फोर्टमधल्या टाउन बॅरॅक्समध्ये संग्रहालय थाटले. १८५७ ला बंड झाले, बॅरॅक सैनिकांना हवी झाली, तेव्हा सगळे उचलून बाहेर काढले. पुढे जॉर्ज बर्डवूड नावाचा इंग्रज डॉक्टर, आपले भाऊ दाजी, नाना शंकरशेट यांनी खटपट केली, वर्गणी गोळा केली, १८६२ ला नव्या इमारतीचा पाया घातला.

आता त्या वेळच्या मुंबईकडे बघा. १८६१ पासून अमेरिकेत यादवी चालू. तिकडचा कापूस अडला नि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या शेठ लोकांकडे पैसा मावेना. १८६५ ला युद्ध संपले, बाजार कोसळला, देणग्या आटल्या, बांधकाम रखडले. शेवटी सरकारने पैसा घातला तेव्हा कुठे इमारत पुरी झाली. आणि याच काळात, १८५६ साली, ताडदेवला दावरशेठची मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली होती. म्हणजे कापसाच्या पैशाने एका हाताने गिरणी उभी राहत होती नि दुसऱ्या हाताने संग्रहालय. मँचेस्टरच्या नि नंतर इथल्या गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग मोडून पडत होता, त्याच वर्षांत हातकामाचे कौतुक काचेच्या कपाटात बसवले जात होते. रानात आधी पाखरू मारायचे, मग पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवायचे, अशातली गत.

आत शिरले की समोर संगमरवरी अल्बर्ट उभा. पुतळा डेव्हिड ससूनच्या पैशाचा, घडवणारा मॅथ्यू नोबल. देणाऱ्याचे नाव माहीत, घडवणाऱ्याचे माहीत, पुतळा कुणाचा तेही माहीत. तिन्ही नावे पक्की. आता तिथून बाजूच्या कपाटांकडे वळा.

*

कपाटांत काय नाही? चांदी, तांबे, पितळ, हस्तिदंत, लाखकाम, मातीची भांडी. खोटे कशाला बोलू, सुंदर आहे. २००३ नंतर काही वर्षे दुरुस्ती करून इमारत पुन्हा उजळली, २००८ ला परत खुली झाली. ते काम करणाऱ्या रंगाऱ्या-सुताराचे हात मी मानतो. जे चांगले आहे ते चांगले म्हणायला विद्रोहाची काही हरकत नसते.

बिदरीचेच काम घ्या. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. त्यावर टोकदार छिन्नीने नक्षी कोरतात. कोरलेल्या चरीत चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून भांड्याला लावतात. जस्त काळेभोर पडते, चांदीला काही होत नाही. काळ्या रात्रीत चांदणे उठावे तसे ते भांडे उठते. याच्यामागे ज्ञान आहे. कोणती माती, किती वेळ, किती ऊन. आमच्या खात्यात हवेतला ओलावा चार टक्क्यांनी हलला तरी धागा तुटायला लागतो, म्हणून मला ठाऊक आहे, असले ज्ञान पुस्तकातून येत नाही. चुकून चुकून, बोटे भाजून येते.

पण ते कुणाला आले होते? मी जेवढे फिरलो त्यात बहुतेक वस्तूंखाली गाव, काळ, धातू एवढेच. माणूस नाही. हा दोष आजच्या चिठ्ठी लिहिणाऱ्याचा म्हणून मी सांगत नाही. वस्तू गोळा करणाऱ्याने ज्या दिवशी ती विकत घेतली त्या दिवशीच नाव विचारले नाही. दीडशे वर्षांपूर्वी जो धागा तुटला तो आज कुठून जोडणार? नाव विचारायची गरज त्याला वाटली नाही, कारण त्याच्या लेखी वस्तू माणसाने केलेलीच नव्हती. ती जातीने केलेली होती.

*

हे मी मनाचे बोलत नाही. वरच्या मजल्यावर मातीचे पुतळे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख नि या संग्रहालयाचे क्युरेटर सेसिल बर्न्स यांच्या देखरेखीखाली असे बरेच पुतळे झाले. मुंबईतल्या नाना जातींचे, धर्मांचे, पगड्यांचे, धंद्यांचे नमुने. पोरे या बाहुल्यांपुढे हरखून उभी राहतात. काम बारीक आहे. लुगड्याची चूण, पागोट्याचा पीळ, हाताची शीर, सगळे जिथल्या तिथे.

पण पुतळा कुणा माणसाचा नाही. तो 'नमुना' आहे. खाली संगमरवरात अल्बर्ट म्हणजे अल्बर्टच, दुसरा कुणी नाही. वर मातीत कुंभार म्हणजे कुठलाही कुंभार, कोळी म्हणजे कुठलाही कोळी. संगमरवराला चेहरा आहे, मातीला जात आहे. कुणीतरी जिता माणूस त्या कलावंतापुढे तासन्‌तास बसला असेल. त्याचे घर होते, बायको होती, कदाचित कर्ज होते. ते सगळे गळून गेले नि उरले पागोटे.

त्याच वर्षांत सरकारचा शिरगणती-आयुक्त रिस्ली माणसांची नाके मोजत होता. नाक किती रुंद त्यावरून कोण वरचा नि कोण खालचा हे त्याला ठरवायचे होते. १९०१ च्या शिरगणतीत त्याने जातींची उतरंडच लावली. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात असल्याच नाकांच्या मापांचे आकडे हाती घेतले नि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद नाही. मोजपट्टी त्यांची, उत्तर आपले. संग्रहालयाशी वागायची हीच रीत मला पटते. कपाट फोडायचे नाही. कपाटातलाच पुरावा घेऊन कपाट लावणाऱ्याला प्रश्न विचारायचा.

*

आता मुळावर येतो. ज्या बर्डवूडने हे संग्रहालय वाढवले त्याने पुढे लंडनला जाऊन १८८० साली 'दि इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. भारतीय हस्तकलेचा मोठा भक्त म्हणून त्याचे नाव घेतात. यंत्राच्या मालाचा त्याला राग. गावातला कुंभार चाकावर बसलाय, साळी मागावर बसलाय, बापाचा धंदा पोरगा करतोय, सगळे आपापल्या जागी सुखात आहेत, हे चित्र त्याला फार गोड वाटायचे. आणि या गोडव्याचा पाया काय? तो साफ सांगतो, की हिंदूंच्या कला म्हणजे त्यांच्या धर्मजीवनाचे चित्र, आणि ते जीवन मनूच्या कायद्याने पूर्णपणे बांधून दिलेले होते.

वाचलेत दोस्तहो? मनूचा कायदा! भांड्याच्या नक्षीचे मूळ शोधत साहेब कुठे जाऊन पोचला बघा. त्याला तिथे सुख दिसले. आपल्याला तिथे काय दिसले ते सत्तेचाळीस वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला साऱ्या जगाने पाहिले. त्या दिवशी बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळले तेच पुस्तक बर्डवूडच्या लेखी सुंदर भांड्यांची हमी होते. म्हणून मी म्हणतो की महाडची आग चवदार तळ्यापुरती नाही. ती या काचेच्या कपाटांपर्यंत पोचते. बापाचा धंदा पोराने केलाच पाहिजे हा नियम मोडला तर कला मरेल, असे आजही चांगली चांगली शिकलेली माणसे बोलतात. त्यांच्या नकळत मनूच बोलत असतो, आवाज फक्त डिझायनरचा असतो.

आणि हा वारशाचा गोड इतिहास किती खोटा होता त्याचा पुरावा साहेबाच्याच घरात आहे. १८८६ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनला वसाहतींचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे हिंदुस्थानातले 'खरे' कारागीर आणून बसवले होते. गालिचे विणणारे, भांडी घडवणारे. लोक गर्दी करून बघत, खुद्द राणीने त्यांना भेटीला बोलावले. पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर म्हणून ज्यांचे कौतुक झाले त्यांतले कितीतरी जण आग्र्याच्या तुरुंगातले होते. तुरुंगाच्या सुपरिटेंडेंटनेच त्यांना जमवून नेले होते. विणकाम ते बापाकडून नव्हे, शिक्षा भोगताना शिकले होते!

मला हे वाचून दोन गोष्टी झाल्या. आधी संताप आला. माणसाला डांबायचे, राबवायचे नि वर समुद्रापार नेऊन परंपरा म्हणून मिरवायचे. पण दुसरी गोष्ट मोठी आहे. कसब रक्तात नसते, हे त्या कैद्यांनी जगापुढे सिद्ध केले. शिकवले तर कुणीही शिकतो. मग चांभाराचा पोरगा चांभार, साळ्याचा साळी, ही सक्ती कशासाठी होती? कलेसाठी नव्हती. माणसांची वाटणी कायम राहावी यासाठी होती.

*

बर्डवूडचे आणखी एक प्रकरण आपल्याला माहीत पाहिजे. १९१० साली लंडनच्या एका सभेत जावा बेटावरच्या बुद्धमूर्तीची गोष्ट निघाली. भारतीय भांड्यांवर, कापडांवर जीव टाकणारा हा माणूस म्हणाला की भारतात ललित कला म्हणून काही नाहीच. आणि त्या शांत बसलेल्या बुद्धाची बरोबरी त्याने चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. तिकडच्या तेरा कलावंतांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याचा निषेध केला. इतिहासकार याला कलेतला वाद म्हणतात. मला त्यात वर्णव्यवस्था दिसते. हाताने घडते ती शोभेची कला, डोक्याने घडते ती ललित कला. हिंदुस्थान्याला हात आहेत, डोके नाही. ललित कला ब्राह्मण, शोभेची कला शूद्र. आणि चामडे, बांबू, वाख, केरसुणी, हलगी? ती कला गावकुसाबाहेर. तिला कपाटसुद्धा नाही. मी दोन्ही वेळा शोधले. चांदीचा हुक्का दिसला, पायातली वहाण मला दिसली नाही.

याच बुद्धाचे दुसरे काय झाले तेही तिथेच बघायला मिळते. जे. जे. स्कूलमध्ये १८७० नंतर मातीची रंगीत भांडी व्हायला लागली. 'बॉम्बे पॉटरी' म्हणून ती प्रसिद्ध आहेत. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेत होता. ते काम १८८५ पर्यंत चालले. त्या चित्रांतली फुले, वेली, आकृती या भांड्यांवर आल्या आणि भांडी साहेबांच्या दिवाणखान्यात गेली. भांडी छानच आहेत. पण अजिंठा ही भिक्खूंची वस्ती होती, तिथे माणसाच्या दुःखाचा विचार चालायचा. विचार भिंतीवरच राहिला नि नक्षी तेवढी खरवडून नेली. १९५६ ला नागपुरात आपण तो विचार परत आणला. तेव्हा त्या निळ्या-हिरव्या बरणीपुढे उभे राहून आपल्या पोरांना एवढे तरी सांगा, ही वेल कुठल्या भिंतीवरून उतरली आहे.

*

आता जे तिथे नाही त्याविषयी. ते माझ्या धंद्याचे आहे म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

जुन्या साच्यावर धोटा असायचा. धोट्यात बाण्याची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते काढायची रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वासाने ओढणे. एका साच्यावरचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे उष्टा होणार! झाले, एवढ्यावरून सवर्ण विणकऱ्यांनी मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे दार अस्पृश्यांना बंद केले. संपात खांद्याला खांदा, पण धोट्याला तोंड लावलेले चालणार नाही. साचेखात्यात मजुरी जास्त. आपली माणसे रिंगवर, झाडूवर, ओझ्यावर. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. कामगार सगळे एक, हे आधी साचेखात्यात दाखवा म्हणाले.

आमच्या घरात ही गोष्ट पुस्तकातून आलेली नाही. माझ्या आजोबांचे वडील लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात होते. जन्मभर सूत काढले. त्यांनी काढलेल्या सुताचे पातळ शेजारच्या खात्यात विणले जायचे, त्या खात्यात पाय टाकायची सोय नव्हती. याकडे आपण आजवर मजुरीचा प्रश्न म्हणून बघत आलो. ते बरोबरच आहे. पण संग्रहालयात उभे असताना मला त्यातली दुसरी बाजू दिसली. सूत रिंगवर होते, नक्षी साच्यावर होते. काठ, चौकडा, पट्टा, फूल, जे काही डोळ्याला दिसते ते सगळे ताण्या-बाण्याच्या गाठीभेटीत होते. रिंगवर फक्त एकसारखे पांढरे सूत. म्हणजे त्या बंदीने आपल्याला चार पैशांपासून तर तोडलेच, नक्षीपासूनही तोडले. मग शंभर वर्षांनी कुणी विचारतो, तुमच्या समाजात सौंदर्यदृष्टी का दिसत नाही? अरे, साच्याच्या दारात कोण आडवे उभे होते ते आधी विचार.

आज साच्यांतून धोटाच गेला. एअरजेटवर हवेच्या झोताने बाणा जातो, तोंड लावायचा प्रश्नच नाही. यंत्राने एका झटक्यात जी शिवाशिव मोडली ती माणसांनी मोडली नव्हती. बर्डवूडला यंत्राचा राग होता. मला नाही. यंत्र माझी हाडे मोडते हे खरे, पण ते माझी जात विचारत नाही. राग आहे तो यंत्राच्या मालकाचा.

*

इथे एक पेच आहे आणि तो लपवून चालणार नाही. उद्या समजा कुणी भला माणूस आला नि म्हणाला, हलगी ठेवतो कपाटात, केरसुणी ठेवतो, चपला ठेवतो, खाली दिवा लावतो. आपण टाळ्या वाजवायच्या का?

हलगी आपल्या माणसांच्या हातात हौसेने आली नव्हती. गावकीचे काम म्हणून आली. मयताला, जत्रेला, लग्नाला पुढे होऊन वाजवायची नि लांब बसून उरलेले खायचे. बाबासाहेबांनी असली गुलामीची कामे टाकायला सांगितली नि आपल्या आजोबांनी टाकली. ते टाकणे हीच त्यांची सर्वांत मोठी कला होती असे मी म्हणेन. तेव्हा 'लोककला वाचवा' म्हणत कुणी आपल्याला परत वेशीवर उभे करू पाहील तर साफ नकार. पण वाद्य ताणायचे, तापवायचे, त्यातून बोल काढायचे हे ज्ञान मात्र आपले आहे. गुलामी टाकताना ज्ञानही उकिरड्यावर जाऊ द्यायचे का? माझे म्हणणे असे की कसब ठेवू, सक्ती जाळू. ज्याला शिकायचे तो शिकेल, मग तो कुठल्याही घरचा असो. ब्राह्मणाच्या पोराने चामडे कमवायला शिकावे, ढोराच्या पोरीने चित्रकलेच्या कॉलेजात शिकवावे. त्या दिवशी हस्तकला खरी वाचली.

कोल्हापुरी चपलेचे बघा. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला घालून पोरे चालवली. मूळ कुठले ते सांगितले नाही. बोंब झाली तेव्हा प्रेरणा भारतीय चपलांची होती हे कबूल केले. वर्तमानपत्रांनी 'भारताचा अपमान' म्हणून रकाने भरले. बरोबर आहे. पण ती चप्पल ज्यांनी घडवली त्या चांभार-ढोर-मातंग माणसांना गावाने चप्पल घालून पाटलाच्या वाड्यासमोरून जाऊ दिले नव्हते, तो अपमान कुठल्या रकान्यात? नाव देशाचे झाले, कोल्हापूरचे झाले, कंपनीचे झाले. करणाऱ्याचे पुन्हा नाहीच. भायखळ्याच्या कपाटापासून मिलानपर्यंत रीत एकच आहे.

*

मग करायचे काय? नुसती टीका करून उठायची आपली सवय आहे. मी तीन गोष्टी सुचवतो.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे मुंबई महापालिकेने योजले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार ज्या संपात उतरले, त्या गिरण्यांची आठवण आता सजून येणार. भोंगा ठेवतील, चिमणी उजळतील, मालकांच्या तसबिरी लावतील. आपण आत्तापासून लेखी मागणी केली पाहिजे, की तिथे धोटा ठेवा. त्याखाली स्पष्ट मराठीत लिहा, की या भोकाला तोंड लावायची कुणाला बंदी होती, ती कुणी घातली, आणि १९२८ ला कुणी तिच्याविरुद्ध उभे राहून बोलले. एवढी एक पाटी लागली तर ते संग्रहालय आपले. नाही लागली तर ते शेठजींचे दुसरे दिवाणखाने.

दुसरे, आपल्या घरातले जुने हात मरायच्या आत त्यांची नावे लिहून घ्या. कुणी वाख वळत होती, कुणी गोधडी शिवत होती, कुणी खात्यात जॉबरच्या शिव्या खाऊन साचा दुरुस्त करायला शिकला. नाव, गाव, काम, कुणाकडून शिकला, किती मिळाले. वहीच्या एका पानाला एक माणूस. साहेबाने जे विचारले नाही ते आपण विचारू.

तिसरे सोपे आहे. चारपाच जण मिळून सुट्टीच्या दिवशी भायखळ्याला जा. बुधवार सोडून, तेव्हा ते बंद असते. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे तो आधी बघा. इंग्रज तो उचलून विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना पडला नि तुकडे झाले. पुढे ते तुकडे इथेच जोडून उभे केले. मग आत जा, सावकाश फिरा, आणि प्रत्येक कपाटापुढे एकच प्रश्न लिहून काढा, की हे कुणी केले नि कुणाला करू दिले नाही. उत्तरे नसतील तर नसोत. नुसते प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. या अंकाच्या स्टेन्सिलवर अजून बरीच पाने बसतात.

जयभीम.